बेकरीवाल्याचा नळ

६ जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार केला असं समज. वाकायला कंबर तयार नाही.

तुझ्या हट्टापायी काल त्या केंद्रात जाऊन आलो. तिथे पुन्हा जाण्याचं काहीच कारण नाही, हे मी या पत्रात सिद्ध करणार आहे. टाइप फिकट उमटला असेल तर टाइपरायटरची फीत धाकटीने आणली नाही असं समज. माझी बोटं चुकत नाहीत.

केंद्र म्हणजे एका बंद पडलेल्या शाळेचा तळमजला. फिनेलचा आणि ओल्या मातीचा वास, आणि दारातच कुणीतरी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ताई, मी साठीला टेकलोय. हे कोण म्हणून धाकटीला विचारलं, तर म्हणे संचालिकाबाई, स्वागत करतायत. मग त्यांच्या रजिस्टरसाठी धाकटीने माझं वर्णन केलं: लहानपणापासून आंधळा, चाळिशीनंतर बहिरा, आधी मोठ्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटर, बोलतो स्वच्छ पण ऐकू काही येत नाही, बहीण डाव्या हाताच्या पेरांवर टिपून सांगते. तर्जनीची तीन पेरं, मधल्या बोटाची तीन, झाले ब्रेलचे सहा ठिपके. हीच पद्धत त्यांच्याकडेही चालते म्हणून बाईंना आनंद झाला. गिऱ्हाइकाला आपल्याच दुकानाची पिशवी घेऊन येताना पाहिल्यावर होतो तसा.

मग त्यांनी माझ्या हातात मातीचा गोळा दिला आणि सांगितलं, भावना व्यक्त करा. मी गोळ्याचा गोळाच परत दिला. तो 'एकाकीपणा' असं लेबल लावून फडताळात ठेवला आहे. तुला वाटेल मी थट्टा करतोय. धाकटीला विचार.

त्यानंतर गोल टेबल. तिथे फक्त आमच्यासारखे, न दिसणारे आणि न ऐकू येणारे. डोळे-कान असलेल्यांनी खोलीबाहेर थांबायचं. माझ्या डाव्या हाताला बेकरीवाला, उजवीकडे मालिशवाला, त्याच्या पलीकडे शिंपीण. बेकरीवाला माझ्या डाव्या हातावर टिपतो, तेच मी माझ्या उजव्या हाताने मालिशवाल्याच्या पेरांवर टिपायचं, तो शिंपिणीला देणार, ती पुन्हा बेकरीवाल्याला. म्हणजे बोललेलं वाक्य टेबलाभोवती फिरून बोलणाऱ्याच्या हातात परत येतं. याला ते फेरा म्हणतात. एवढा खटाटोप करून माणसं काय सांगतात? बेकरीवाल्याने सांगितलं की त्याने सकाळी मोजे घातले. हे वाक्य चार हातांतून गेलं, ताई. मोजे.

शिंपीण जन्माची बहिरी, डोळे पुढे गेले, अजून शिवते म्हणाली. मी म्हटलं, मग गिऱ्हाईकही आंधळंच लागत असेल. तिने नियमाप्रमाणे माझं वाक्य पुढे दिलं, फेरा पूर्ण होऊ दिला, आणि मग उठून माझ्यापर्यंत येऊन हातावर सणसणीत चापट मारली. विनोद न कळणाऱ्या माणसांत मला कशाला धाडतेस? घरी असं होत नाही. मी काही बोललो की धाकटी टिपते, 'हसले.' परवा बँकवाला गप्पा मारायला आला होता, त्याच्या टकलावर मी बोललो, तर म्हणे पोट धरून हसला.

अर्थात, हसण्यापलीकडे त्यांनाही काही येत नाही. जो येतो तो 'बरं आहे ना, काळजी घ्या, गारवा आहे' एवढं बोलून जातो. टेलिफोनवर होतो तेव्हा माणसं भांडत होती, रडत होती, थापा मारत होती. मी बहिरा झालो आणि सगळी एकदम मठ्ठ झाली.

तेव्हा माझ्यापुरतं केंद्र बंद.

तुझा,
भाऊ

•

१९ जानेवारी

चि. भाऊ,

सुखी राहा, म्हणजे इतरांना राहता येईल.

तुझं सिद्ध करून झालं, मला काही पटलं नाही. डोक्यावरून हात फिरवला तर केस विस्कटले का? होते कुठे? वॉर्डात मी इतकी वर्षं मेट्रन होते. तुझ्याहून आंबट म्हातारे मी अंघोळ घालून सरळ केलेत. मातीचा गोळा दिला तर निदान एक वाटी करायची. कुणी तुला शिल्पकार समजत नव्हतं.

केंद्रात दर बुधवारी जायचंस. त्यांचा वार्षिक मेळावा होईपर्यंत तरी. धाकटीला तेवढी एक दुपार मोकळी मिळते. ती मला कधी काही सांगत नाही, पण मागे आले होते तेव्हा तिचं मनगट सुजलेलं होतं. विचारलं तर म्हणाली, काही नाही, डबा उघडताना मुरगळलं. तुझ्या पेरांवर दिवसभर जग टिपत बसायचं म्हणजे काम आहे. तुला ते पंख्याच्या वाऱ्यासारखं वाटतं, बटण दाबलं की येतं.

शिंपिणीने चापट मारली ते बरं केलं. मीच लांब असल्यामुळे राहून गेलं होतं.

हसण्याचं म्हणशील, तर तू माझ्याकडे राहायला आला होतास तेव्हा माझी शेजारीण हसल्याचं मला आठवत नाही. पण मी स्वयंपाकघरात असेन. ते सोड.

ठिपके टोचून माझाही अंगठा दुखायला लागलाय. उत्तर लवकर पाठव आणि त्यात तक्रार कमी घाल.

तुझी,
ताई

•

१६ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. जातोय. समाधान मान.

संचालिकाबाईंनी मेळाव्यासाठी माझं 'मनोगत' लिहून आणलंय. माझं मनोगत, त्यांनी लिहिलेलं. टेबलावर माझ्याच तोंडाला आवाज आहे, तेव्हा मी ते उभा राहून म्हणायचं. सुरुवात अशी: 'मी काळोखातला मुका प्रवासी.' मी विचारलं, मुका असेन तर म्हणणार कसा? यावर त्या म्हणे गोड हसल्या. हेही धाकटीकडूनच कळलं.

बाकी टेबलाचं सांगतो. मोज्यांचा विषय अजून संपलेला नाही. मालिशवाल्याला एकच विषय, त्याचा मेव्हणा. शिंपीण मात्र भांडते. तुला कळणार नाही हे काय आहे ते. मी काही बोललो की ती ते खोडून काढते, माझ्याच पेरांवर, जोरात, नख लागेल असं. मागच्या बुधवारी मी म्हटलं, गृहिणींना राजकारणातलं काय कळतं. फेरा पूर्ण झाल्यावर तिने इतकं सुनावलं की खोली रिकामी करायला सांगायला चौकीदाराला येऊन आमचे खांदे हलवावे लागले. मी घरी आलो तो भुकेलेला. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. धाकटी विचारत होती, काय झालं. मी सांगितलं, ती बाई मूर्ख आहे. पण ताई, कुणी मला 'नाही' म्हणून किती वर्षं झाली ते मलाच आठवेना.

तुझ्या शेजारणीचं वाक्य मात्र डोक्यात राहिलं. धाकटीने तेव्हा स्पष्ट टिपलं होतं, 'हसली.' मी शिंपिणीला सहज सांगितलं की आमच्या घरी लोक माझ्या बोलण्यावर हसतात. ती म्हणाली, "लाकडाला विचारलंत का?" मला वाटलं बाईचं डोकं फिरलं. तर तिने माझा तळवा टेबलावर सपाट दाबून ठेवला आणि टेबलाखालून माझ्या पायाला गुदगुल्या करायला मालिशवाल्याला सांगितलं. ते तिघे हसले आणि लाकूड थरथरलं, बारीक, सगळ्या फळीभर. मग तिने मूठ आपटून दाखवली: राग एकाच ठिकाणी येतो. कंटाळलेला माणूस टाच हलवतो, ती जमिनीतून येते. जन्मभर ती असंच ऐकत आली. म्हणे, माणसाच्या बोटांनी खोटं सांगता येतं, खुर्चीला येत नाही.

भिकार युक्ती आहे. तरी येत्या रविवारी बँकवाला येईल तेव्हा करून बघणार आहे. धाकटीचं नाव उगीच खराब व्हायला नको.

भाऊ

•

२४ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र फक्त तुला. तुझ्या भावाला यातलं काही मी टिपून सांगितलेलं नाही.

रविवारी बँकवाले आले. दादा आधीपासून दोन्ही तळवे टेबलावर पसरून बसला होता, जसं काही कणीक थापायला घेतली आहे. मी म्हटलं, हात दे. त्याने डावा माझ्याकडे केला, उजवा लाकडावरच ठेवला. बँकवाले आपल्या गुडघ्यांबद्दल सांगायला लागले. मी टिपलं, 'बरं आहे ना, काळजी घ्या.' नेहमीचंच. दर वेळी त्यांचे गुडघे अख्खे टिपायचे तर माझ्या हाताचा भुगा होईल, आणि दादा वर विचारणार, 'मग मी काय करू?'

मग दादा बोलला. काय बोलला ते लिहीत नाही. त्यांच्या बायकोबद्दल होतं, आणि तिला जाऊन वर्षही झालेलं नाही. बँकवाल्यांनी कप ठेवला, खुर्ची मागे ढकलली आणि गेले. जाताना दार हळू ओढून घेतलं. मी टिपलं, 'हसले.'

दादा म्हणाला, "मग खुर्ची का सरकली?"

मी टिपलं, 'हसता हसता.' तो म्हणाला, "लाकूड थरथरलं नाही. एकदाच आपटलं." आणि मग माझा हात असा झिडकारला की जणू मी त्याचा खिसा कापत होते.

तर आता तुझं समाधान झालं? त्या शाळेत पाठवलंस, तिथे त्याला कुणीतरी लाकूड ऐकायला शिकवलं. मी इतकी वर्षं त्याला 'हसले' सांगितलं. सांगितलं आणि त्यात मला काही चूक वाटत नाही. 'गेले, आता येणार नाहीत' हे कोण टिपणार होतं रोज? तू? तू ठिपके टोचून पत्र पाठवतेस आणि वर लिहितेस मनगटाची काळजी घे.

त्या दिवसापासून मी हात दिलेला नाही. जेवायला वाढते, ताटाला हात लावून देते, बस्स. टिपू दे आता त्या टेबलाला.

धाकटी

•

३ मार्च

चि. भाऊ,

धाकटीचं पत्र आलं. तुझं आलं नाही, यावरूनच काय ते समजले.

तू फार मनाला लावून घेऊ नकोस. ती थकते, म्हणून कधी चार शब्द कमी टिपले असतील. लोक अगदीच हसत नव्हते असंही नाही. एखाद्या वेळी हसलेही असतील. तुझं बोलणं तिखट असतं हे तुलाही माहीत आहे, आणि ते ज्याला सोसतं त्याला आवडतंही.

दोघं एका घरात राहता. तिने हात दिला नाही तर तू माग. मोठा तू आहेस.

ताई

•

१० मार्च

ती. ताईस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'एखाद्या वेळी हसलेही असतील.' ताई, तूही टिपतेसच की. धाकटी पेरांवर, तू कागदावर. दोघींनी मिळून मला साखरेच्या पाकात बुडवून ठेवलंय. मला वाटत होतं जग मठ्ठ आहे. जग मठ्ठ नव्हतं, जग उठून निघून गेलं होतं, आणि मी रिकाम्या खुर्चीला विनोद सांगत होतो. याहून जास्त अपमान एखाद्या माणसाचा होत असेल तर मला तो ठाऊक नाही.

घरात काही बोलणं नाही. ताट समोर येतं, हात ताटाला लागतो, हात जातो. असे दिवस मी बुधवारची वाट बघत काढले.

आणि आता बुधवारचं ऐक. हे लिहावंसं वाटत नाही, पण मी नाही लिहिलं तर तुला कळायला दुसरा मार्ग नाही.

मी तावातावाने गेलो होतो. ठरवलं होतं की आज टेबलाला सगळं सांगायचं, माणसं माझं जग कसं कातरून देतात ते. पण पाळी बेकरीवाल्याची होती. त्याच्या न्हाणीघरातला नळ गळतो. त्याला ते पायाला कळलं, फरशी ओली लागली म्हणून. प्लंबर आला. त्याने वायसर बदलला. वायसर मोठा निघाला. मग दुसरा आणला, तो तोटीत नीट बसेना. मग प्लंबरचा भाऊ आला. बेकरीवाला एकेक अक्षर पिठाच्या गोळ्यासारखं मळून देतो. मी इकडे आतून उकळत होतो. दहा-बारा वाक्यं मी इमानाने मालिशवाल्याला दिली. मग नाही दिली. बेकरीवाला टिपत राहिला आणि मी मालिशवाल्याला एवढंच दिलं: 'नळ गळत होता. दुरुस्त झाला.'

फेरा फिरला आणि त्याच्या हातात जाऊन पोचला. त्याची बोटं माझ्या पेरांवर होती ती तिथेच थांबली. त्याने हात काढून घेतला नाही. मग त्याने टिपलं, "हे माझं नाही."

शिंपिणीने मालिशवाल्याला विचारलं, मालिशवाल्याने सांगितलं मला एवढंच मिळालं. उरलो मी. शिंपीण उठून आली. मला वाटलं चापट येणार. आली असती तर बरं झालं असतं. तिने माझा हात उघडला आणि विचारलं, "टेलिफोनवर होतात तेव्हा कंटाळा आला म्हणून कुणाची लाइन तोडलीत का कधी?"

मी म्हटलं, कधीच नाही. ते खरं आहे, ताई. बायका तासन्‌तास रडायच्या, मी एकही लाइन तोडली नाही.

"मग याची का तोडलीत?"

"त्यात काही नव्हतं."

"नसू दे," ती म्हणाली. "होतं तेवढं द्यायचं."

मला शिक्षा झाली आहे. मेळावा होईपर्यंत मी टेबलावर माझं काही बोलायचं नाही, फक्त आलेलं पुढे द्यायचं. पुन्हा कातरलं तर टेबलावरून उठायचं, कायमचं. मी, ज्याने आजवर लोकांना शहाणपण फुकट वाटलं, तो आता मेव्हणे आणि मोजे यांचा हमाल.

मी चिडून निघून यायला हवं होतं. आलो नाही. तिथून उठवलं तर मला चालणार नाही, ताई. त्या टेबलावर लोक मला उलटून बोलतात. दुसरीकडे कुठेच बोलत नाहीत.

तू म्हणतेस, धाकटीकडे हात माग. कुठल्या तोंडाने मागू? ती जे करत होती तेच मी केलं, आणि ती निदान दमली होती म्हणून करत होती. मी नुसता शिष्टपणाने केलं.

भाऊ

•

१७ मार्च

चि. भाऊ,

माझं पत्र साखरेचं होतं, मान्य. पुढचं बिनसाखरेचं घे: तुझ्या बोलण्यावर माझी शेजारीण हसली नव्हती. रडत घरी गेली होती. मी दुसऱ्या दिवशी जाऊन तिची समजूत काढली आणि तुला काही सांगितलं नाही.

मेळाव्यात ते मनोगत म्हणून टाक आणि विषय संपव. बाईंना दुखवून त्या केंद्रातली जागा घालवू नकोस. चार ओळी म्हटल्याने तुझा काय तोटा होणार आहे?

ताई

•

२ एप्रिल

ती. ताईस,

नमस्कार. हे पत्र पोस्टाने येणार नाही, कसं येईल ते शेवटी कळेल.

मेळावा काल झाला. हॉल भाड्याचा, खुर्च्या लोखंडी. आम्हा चौघांना गोल टेबलासकट स्टेजवर बसवलं होतं, प्रदर्शनातली उपकरणं ठेवतात तसं. स्टेजची फळी पोकळ होती, त्यामुळे समोरची गर्दी पायांना चांगली कळत होती. भाषणं झाली. आमच्याबद्दल काय काय म्हटलं ते कुणी टिपलं नाही; नसेलच टिपण्यासारखं. मग संचालिकाबाईंनी मला उभं केलं, हातात माइक दिला आणि दंडाला हळूच दाबलं. म्हणजे आता काळोखातला प्रवासी.

तुझा सल्ला लक्षात होता. पण मला टेबलावर माझं काही बोलायची मनाई होती, आणि ते मनोगत तर माझंही नव्हतं. कुणीच न बोललेलं मी पुढे कसं देणार? मी खाली बसलो, माइक हनुवटीखाली दाबून धरला आणि डावा हात बेकरीवाल्यापुढे केला. काय चाललंय ते त्याला कळलं नसावं. त्याला हात मिळाला, त्याने सुरू केलं. नळ. पहिल्यापासून.

तर तो टिपत गेला, मी उजव्या हाताने मालिशवाल्याला देत गेलो आणि तेच तोंडाने माइकमध्ये म्हणत गेलो. फरशी ओली लागली. प्लंबर आला. वायसर बदलला. वायसर मोठा निघाला. सुरुवातीला फळी थरथरली. हसत होते लोक, वाटलं असेल गंमत आहे. प्लंबरचा भाऊ आला तोपर्यंत टाचा हलायला लागल्या होत्या. भाऊ चुकीचा पाना घेऊन आला, परत गेला, तेव्हा पहिली खुर्ची सरकली. मग एकेक सरकायला लागली. लोक उठत होते ते तळपायांना नीट कळत होतं. संचालिकाबाई माझी बाही ओढत होत्या. आधी हळू, मग शिवण उसवेल अशी. माझ्या जिभेवर इतक्या छान गोष्टी येत होत्या, ताई, त्या नळाबद्दल, त्या प्लंबरच्या खानदानाबद्दल, समोर बसलेल्या देणगीदारांबद्दल. एकही बोललो नाही. एक अक्षर घातलं नाही, एक गाळलं नाही.

आणि मी शेवटपर्यंत वाट बघत होतो की यातून काहीतरी निघेल. आजाराची गोष्ट, मुलाची गोष्ट, काहीतरी, ज्यासाठी माणूस एवढं सांगतो. काही निघालं नाही. नळ बदलला, आता गळत नाही, पण कडक फिरतो. संपलं. इतकं कंटाळवाणं बोलणं मी टेलिफोनवरसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. फेरा फिरून ते सगळं त्याच्या हातात जसंच्या तसं परत गेलं. त्याने माझ्या मनगटावर दोन वेळा थोपटलं आणि गीझरचं सुरू केलं.

माइक कुणीतरी काढून घेतला. आता केंद्रातली जागा राहील की जाईल, बाई ठरवतील. शिंपिणीने सांगून ठेवलंय की केंद्र गेलं तर टेबल तिच्या शिवणाच्या खोलीत मांडू. तिची खोली कोंदट असणार आणि टाचण्या टोचणार. तरी मी जाणार.

आता महत्त्वाचं. हॉल रिकामा झाल्यावर मला नेहमीचा हात मिळाला. धाकटी पहिल्या रांगेत होती, आणि शेवटपर्यंत उठली नव्हती. तिने टिपलं, 'सगळे गेले. कुणी हसलं नाही.' इतक्या आठवड्यांनी हात दिला आणि पहिलं वाक्य हे.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, "तू काय म्हणतेस?"

तिने टिपलं, 'कशाबद्दल?' मी म्हटलं, कशाहीबद्दल. तिने इतकी वर्षं माझ्या पेरांवर दूधवाल्याचं टिपलं, डॉक्टरचं टिपलं, तुझं टिपलं, हवेचं टिपलं. स्वतःचं एक वाक्य टिपल्याचं मला आठवेना, आणि मी कधी मागितल्याचंही आठवेना. मग तिने सुरू केलं. मी मधे बोललो नाही. ते सगळं तिला विचारून तुला पाठवतोय, जसंच्या तसं. त्यात तूही आहेस.

"तू दुष्ट बोलतोस. तुझं पहिलं वाक्य लोक सोसतात, दुसऱ्याला उठतात. मी 'हसले' म्हणायचे, कारण 'गेले' म्हटलं की तू जेवत नाहीस, आणि झाकून ठेवलेली ताटं धुवायचा मला कंटाळा आला होता. तुझी दया येऊन मी काही केलेलं नाही, उगीच रडू नकोस. ताई लांबून शहाणपण पाठवते, स्वतः येत नाही. बँकवाल्यांचे गुडघे खरंच दुखतात, ते खोटं नव्हतं. त्यांची बायको मला आवडायची. माझं मनगट रात्री ठणकतं. मला महिनाभर कुणाच्या बोटाला हात लावायचा नाही. मला तोंडाने बोलायचंय, ज्याला ऐकू येतं अशा माणसाशी, आणि मी काय म्हटलं ते पुन्हा कुणाला सांगत बसायचं नाही."

हे संपल्यावर मी तिला सांगितलं, जा. ती म्हणाली, तुझं काय होणार? मी सांगितलं, खानावळीचा डबा दारात येईल, मला चव कळत नाही असं नाही पण मी बोलणार नाही. बँकवाल्याला मी टाइप करून पत्र पाठवलंय. त्यात विनोद नाही. तो येईलसं वाटत नाही. म्हणजे बुधवार सोडला तर महिनाभर माझ्या हातावर कुणाचं बोट पडणार नाही. मला भीती वाटते, ताई. झोपेतून उठल्यावर घरात कुणी आहे की नाही, हेही मला कळणार नाही. पण ती जाऊ दे.

तर ती तुझ्या दारात उभी आहे आणि हे पत्र तिने तुझ्या हातात दिलंय. वाचून झालं असेल तर बाजूला ठेव. स्वयंपाकघरात जाऊ नकोस. ती बोलायला लागली की फार लांबण लावते, आणि बहुतेक त्यात काही नसतं. मधे तोडू नकोस.

तुझा,
भाऊ